रेस चढली की उतरायचीच नाही: एमजीबीत साध्या थ्रॉटल डिस्क, दिवाळी ते मे

गाडी १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची इंग्लिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू एचआयएफ-४ कार्बोरेटर. मुक्काम परतवाड्याजवळ, संत्र्याच्या बागेतल्या टिनाच्या शेडमध्ये. कार्बोरेटरमध्ये ॲक्सिलेटरबरोबर फिरून हवेची वाट उघडणारी-मिटणारी गोल चकती असते, ती थ्रॉटल डिस्क. दिवाळीच्या आधी व्हॉल्व्हवाल्या डिस्क काढून साध्या, अखंड डिस्क टाकल्या. आता उन्हाळाही निघाला, म्हणून लिहितो.

आधीचं दुखणं असं. गार असताना गाडी शहाणी, स्लो (पाय न लावता इंजिनाचे मिनिटाचे फेरे) ८००-८५०. तापली की ॲक्सिलेटरवरून पाय काढला तरी काटा २००० वर, कधी पार ३००० कडे. गिअर बदलायला क्लच दाबावा तर इंजिन असं किंचाळायचं की बाजारातली माणसं वळून बघायची. चावी बंद केल्यावरही भकभक करत चालूच. शहरातल्या एका गॅरेजनं आधी डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंगांवर बोट ठेवलं, मग स्लोचे स्क्रू पार मागे घेतले, शेवटी म्हणे दोन्ही कार्बोरेटरच बदला. स्प्रिंगा ढिल्या पडल्या तर टायमिंग लवकर पुढे जातं आणि स्लो काही शेकड्यांनी वाढतो, हे खरं. पण ३००० फेरे मारायला इंजिनाला हवा लागते, ती कुठून आली?

हा प्रश्न मुळात परतवाड्याच्या मिस्त्री चाचांचा. त्यांची हयात ॲम्बेसेडरमध्ये गेली, आणि तिचं जुनं १४८९ सीसीचं इंजिनही एमजीबीसारखंच ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचं, त्यामुळे एमजीबी बघून ते बिचकले नाहीत. म्हणाले, "पेट्रोलचं सोड बापू. एवढी हवा कुठून घुसून राह्यली, ते पाह्य पयले."

त्यांनी ॲक्सिलेटरची केबलच सोडवली. रेस तशीच. चोकचा कॅम स्क्रूला टेकत नव्हता, म्हणजे चोकही निर्दोष. मग एअर फिल्टर उतरवून, रेस चढलेली असतानाच दोन्ही कार्बोरेटरची तोंडं रबर लावलेल्या फळीनं दाबली. इंजिन लगेच बंद पडलं. हीच खरी परीक्षा, आणि फुकटची. तोंडं बंद करूनही इंजिन चालत राहिलं असतं, तर हवा कार्बोरेटरच्या पलीकडे कुठून तरी, म्हणजे मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा ब्रेक सर्व्होच्या नळीतून येतेय असं समजायचं. आमचं बंद पडलं, म्हणजे वाट कार्बोरेटरमधूनच.

डिस्क बाहेर काढल्यावर चोर हातात आला. तिच्यावर एक छोटा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. उतारावर पाय काढल्यावर मॅनिफोल्डमधला व्हॅक्युम फार वाढतो, तेव्हा तो उघडून थोडं मिश्रण आत सोडतो, म्हणजे धुरात न जळलेलं पेट्रोल कमी जातं. कल्पना चांगली, पण स्प्रिंग म्हातारी झाली की साध्या स्लोच्या व्हॅक्युमलाही तो उघडतो. आमचा नखानं ढकलला तरी मागे जात होता.

नवी डिस्क बसवताना घाई नको. तिची कड तिरकी घासलेली असते, उलटी बसली तर नीट मिटत नाही. स्क्रू ढिले ठेवून थ्रॉटल दोन-तीनदा टपकन बंद करायचा, डिस्क आपोआप मध्यावर येते. मग मागून बॅटरी मारून उजेडाची फट बघायची. स्क्रू नवेच घ्यायचे आणि त्यांची चिरलेली टोकं फाकवायची. नाहीतर सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरात. दोन्ही कार्बोरेटरचा मेळ चाचांनी रबरी नळी कानाला लावून, सूं आवाज सारखा करून बसवला.

वापराचं सांगायचं तर रेस पुन्हा एकदाही अडकली नाही, ४५ अंशांच्या दुपारीही नाही. चावी बंद केल्यावरची भकभकही गेली. चिखलदऱ्याहून धामणगाव गढीकडे उतरताना इंजिनचा ब्रेक आता चांगला लागतो. याचा मला सगळ्यात जास्त आनंद. बदल्यात उतारावर सायलेन्सरमधून अधूनमधून फटफट ऐकू येते आणि धूर पहिल्यापेक्षा घाण असणार, हे मान्य. डिस्क स्वस्त, पण इंग्लंडहून यायचं कुरिअर आणि कस्टम धरून हिशेब डोळ्यांत पाणी आणतो.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडतं, म्हणून जेट थोडा रिच करावा, म्हणजे पेट्रोल जरा वाढवावं लागलं. त्याचा डिस्कशी संबंध नाही. आणि ज्यांच्या डिस्कवर व्हॉल्व्हच नाही, त्यांनी हे मागवू नये. त्यांनी थ्रॉटलचा दांडा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते तो, बोटांत धरून वर-खाली हलवून बघावा. तो खुळखुळत असेल, तर हवा तिथूनच येते.