डॉइचलांडटिकेटवर लक्झेंबर्ग: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

जर्मनीत राहणाऱ्या कुणाला मित्रमैत्रिणींबरोबर कमी पैशांत परदेशात शनिवार-रविवार घालवायचा असेल, तर मी एकच सांगते: डॉइचलांडटिकेट घ्या आणि पहिल्यांदा लक्झेंबर्गला जा. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी हा पास घेतला. मानहाइममध्ये ऑफिसला येणं-जाणं त्यावरच होतं. पण आज त्याबद्दल लिहिते आहे ते सुट्टीतल्या वापरासाठी, कारण त्या बाजूने त्याच्याकडे फार कमी लोक बघतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा महिन्याचा पास आहे. १ मे २०२३ ला सुरू झाला तेव्हा ४९ युरोंना मिळायचा, २०२५ मध्ये ५८ झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो पडतात. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, एस-बान म्हणजे उपनगरी गाड्या, मेट्रो, ट्राम आणि शहरातल्या बस, सगळं त्यात येतं, फक्त सेकंड क्लासने. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत तो चालत नाही, फ्लिक्सबसच्या लांब पल्ल्याच्या बसमध्येही नाही. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढून ज्यांनी कधी महाराष्ट्र पालथा घातला असेल, त्यांना यातली मजा लगेच कळेल. तो पास चार किंवा सात दिवसांचा, हा अख्ख्या महिन्याचा.

आमच्या कंपूत माझ्यासारखे दोघं नोकरी करणारे आणि दोघं कैसरस्लाउटर्नला शिकणारे. शिकणाऱ्यांचा महिना ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवावे लागतात ते खातं) सुटणाऱ्या ९९२ युरोंवर चालतो, त्यातलं खोलीभाडं आणि विमा गेल्यावर हातात काय उरतं ते इथे शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमची सहल मोडायची ती नेहमी तिकिटापाशी. लांब पल्ल्याच्या गाड्यांची स्वस्त तिकिटं आधी काढून ठेवावी लागतात, जसजसा दिवस जवळ येतो तसे भाव चढतात. परीक्षेची तारीख, अर्धवेळ कामाची पाळी, काहीतरी आडवं यायचं आणि ‘तुम्ही जाऊन या, मी पुढच्या वेळी येतो’ असं म्हणणारा आवाज दर वेळी त्याच मित्राचा असायचा. हा पास चौघांकडे आल्यापासून प्रवासाचा खर्च महिन्याच्या पहिल्या तारखेलाच होऊन जातो. शुक्रवारी रात्री ठरवलं तरी शनिवारी सकाळी निघता येतं, आणि कुणाला ऐन वेळी जमलं नाही तर त्याचं तिकीट वाया जात नाही. खाणं आणि खोली टीटीएमएम. कोल्हापूरचा आमचा मित्र गेल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक बेतातून गळत होता, तो आता प्रत्येक वेळी बरोबर असतो. माझ्या लेखी या पासाचं सगळ्यात मोठं काम हे आहे.

आता लक्झेंबर्गच का? मार्च २०२० पासून तिथली रेल्वे, ट्राम आणि बस सगळ्यांसाठी मोफत आहे. जगात असं करणारा हा पहिला देश. फक्त रेल्वेच्या फर्स्ट क्लासला पैसे पडतात. जर्मनीच्या हद्दीपर्यंत आपला पास चालतो आणि पलीकडे तिकीटच नाही, त्यामुळे मानहाइमहून निघून लक्झेंबर्गच्या मुख्य स्टेशनवर उतरेपर्यंत वेगळा एक सेंटही लागत नाही. शिवाय तो देश महागड्यांतला महाग. खोली आणि जेवण तिथे झोंबतं, पण गावातून गावात फिरणं फुकट असल्यामुळे हिशेब बसतो.

आम्ही मानहाइमहून आरई १ ही प्रादेशिक गाडी पकडतो. कैसरस्लाउटर्नला दोघं चढतात, पुढे सारब्र्युकेन, मग गाडी सार नदीला धरून वर जाते. वाटेत फोल्कलिंगेनचा जुना लोखंडाचा कारखाना खिडकीतून दिसतो. कारखाना असूनही युनेस्कोच्या वारसा यादीत १९९४ सालीच गेलेला, गंजलेल्या भट्ट्या आणि चिमण्यांचा तो अवाढव्य पसारा. सीमेजवळच्या ट्रियर या जर्मन शहरात गाडी बदलायची आणि तिथून साधारण पाऊण-एक तासात लक्झेंबर्ग. मानहाइमपासून घरंगळत गेलं तर चार तास लागतात. हा वेळ मोठा आहे, लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण चौघं समोरासमोर बसलेले, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, पत्त्यांचा कॅट. हे चार तास मला सहलीतून वजा करावेसे वाटत नाहीत.

कोब्लेंझच्या बाजूने येणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. ती गाडी ट्रियरला दोन तुकड्यांत सुटते, एक तुकडा लक्झेंबर्गला जातो आणि दुसरा सारब्र्युकेनकडे. डब्यावरची पाटी वाचून बसा.

राहायचं कुठे, यावर आमच्यात बराच खल झाला आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं: ट्रियरमध्ये राहावं, दिवसभर लक्झेंबर्गमध्ये फिरावं. ट्रियरला स्वयंपाकघर असलेली छोटी जागा चौघांत परवडते. बेसन, तांदूळ आणि फोडणीचं सामान आम्ही घरूनच नेतो, रात्री पिठलं-भात. किराणा शनिवारीच घेऊन ठेवायचा, कारण रविवारी जर्मनीत दुकानं बंद. संध्याकाळी जेवण झाल्यावर पोर्टा निग्रापर्यंत फेरी मारता येते. रोमन काळातली ती काळवंडलेली दगडी वेस रात्री दिव्यांत पाहावी. कार्ल मार्क्स याच गावचा, १८१८ चा जन्म. त्याच्या द्विशताब्दीला चीनने भेट दिलेला मोठा पुतळा वेशीपासून जवळच आहे. लक्झेंबर्ग शहरातच मुक्काम करायचा असेल तर फाफेनथालच्या दरीत युवा वसतिगृह आहे, जागा मोक्याची आहे, पण खर्च ट्रियरपेक्षा जास्त धरून चला.

शहर दरीवर वसलेलं आहे. वर जुनी तटबंदी, खाली नदी आणि घरांच्या काळ्या उतरत्या छपरांची वस्ती, आणि या दोन पातळ्यांमध्ये वर-खाली करणं हाच तिथला खरा कार्यक्रम. कॉर्निशच्या वाटेवरून चालावं. त्या वाटेला युरोपचा सर्वांत सुंदर सज्जा म्हणतात आणि मला ते पटलं. मग फाफेनथालच्या काचेच्या लिफ्टने खाली उतरावं. ७१ मीटर उंचीची ही लिफ्ट २०१६ साली सुरू झाली, तिलाही पैसे नाहीत. खाली दरीतून थोडं चाललं की केबलने ओढली जाणारी छोटी रेल्वे लागते, ती दुसऱ्या बाजूने थेट किर्शबर्गच्या पठारावर नेते. तीही मोफत. तिथून ट्राम पकडून परत जुन्या शहरात. लिफ्ट, दरी, डोंगरगाडी, ट्राम असा हा फेरा आम्ही पहिल्याच दिवशी केला आणि खिशात हात घालावा लागला नाही. बॉकच्या खडकातली भुयारं पाहायला तिकीट आहे. मला ते पैसे वसूल वाटले, कारण तोफांसाठी खोदलेल्या भोकांतून दरी दिसते आणि हे शहर किल्ला म्हणून का गाजलं ते तिथे उभं राहिल्यावर समजतं. किल्ले चढून मोठं झालेल्या माणसाला तर नक्कीच आवडेल. हामच्या अमेरिकन स्मशानभूमीतही बसने जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातल्या पाच हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी तिथे आहेत, जनरल पॅटनचीही. आमच्यापैकी कुणीही तिथे फारसं बोललं नाही.

पण माझी सगळ्यात आवडती जागा राजधानीत नाही. शेंगेन! व्हिसाच्या अर्जांवर, बँक स्टेटमेंटांच्या गठ्ठ्यांवर, मुंबईतल्या व्हिसा केंद्राच्या रांगेत ज्या नावाने आपल्याला घाम फोडलेला असतो, ते खरंच एक गाव आहे. मोझेल नदीच्या काठावर, द्राक्षमळ्यांच्या उतारांखाली, काहीशे पावलांत संपणारं. १४ जून १९८५ रोजी इथेच नदीत उभ्या असलेल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ या बोटीवर पाच देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवण्याच्या करारावर सह्या केल्या. बेल्जियम, फ्रान्स, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि तेव्हाचा पश्चिम जर्मनी. जागाही अशी निवडली की जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग तिन्ही तिथे एकमेकांना भिडतात. ट्रियरहून मोझेलच्या काठाने जाणारी प्रादेशिक गाडी पेर्ल या जर्मन गावात सोडते. तिथून पूल चालत ओलांडला की शेंगेन, पुन्हा पास आणि पायपीट एवढाच खर्च. नाशिकच्या आमच्या मैत्रिणीने पुलाच्या मध्यावरून आईला व्हिडिओ कॉल लावला आणि एका हाताने जर्मनी, दुसऱ्या हाताने लक्झेंबर्ग, समोर फ्रान्स असं दाखवलं. आईचा पहिला प्रश्न होता, ‘मग पासपोर्ट कोण बघतं गं?’

त्या प्रश्नाचं उत्तर मात्र गंभीरपणे घ्यायला हवं. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या भू-सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि लक्झेंबर्गची सीमाही त्यात आहे. परतीच्या गाडीत पोलीस चढून कागद मागू शकतात. मूळ पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड दोन्ही जवळ ठेवा, फोनमधले फोटो चालणार नाहीत. जर्मनीचा रहिवासी परवाना असेल तर शेंगेनमधल्या इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. पासही नावावर असतो, दुसऱ्याला देता येत नाही आणि तपासनीसाला फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून पासपोर्ट तसाही हाताशीच हवा. फोनची बॅटरी संपली तर पास दाखवता येणार नाही. पॉवर बँक हा माझ्या पिशवीतला कायमचा ऐवज झाला आहे. ज्यांना चिपचं कार्ड मिळतं त्यांनी तेच घ्यावं.

आता त्रासाचं. प्रादेशिक गाड्या उशिरा धावतात, कधी रद्दच होतात, रुळांची कामं निघाली की गाडीऐवजी बस देतात. एका रविवारी परतीची जोडगाडी हुकली आणि मधल्या एका छोट्या स्टेशनवर आम्ही तासाभराहून जास्त वेळ थंडीत बसलो होतो. घरी पोचेतो मध्यरात्र उलटली आणि सोमवारी सकाळी ऑफिस. एक तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर भरपाई मिळते, पण या पासावर ती दर वेळी दीड युरो आणि चार युरोंच्या खालची रक्कम देतच नाहीत. म्हणजे निदान तीन उशीर जमवून अर्ज करायचा. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्याच्याकडे वेगवान गाडीचे पैसे नाहीत, त्याच्याच वेळेची किंमत इतकी कमी का धरावी? तेव्हापासून आमचा नियम ठरलेला आहे: रविवारी शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहायचं नाही, तिच्याआधी निदान दोन गाड्या शिल्लक असताना निघायचं.

उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी गर्दी फार असते. सायकलवाले, बाबागाड्या, सगळे एकाच डब्यात. आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांना या मार्गाने चार तास नेऊ नका, उभं राहायची वेळ येऊ शकते. त्यांच्यासाठी आधी काढलेलं आयसीईचं तिकीट बरं. पॅरिस किंवा प्राग डोक्यात असेल तरीही हा पास कामाचा नाही.

दुसरी परदेशी शहरं? साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत प्रादेशिक गाडीत पास चालतो, म्युनिकवाल्यांसाठी ती चैन आहे, मानहाइमहून फार लांब. बासेलच्या बाडिशर स्टेशनपर्यंतही चालतो आणि ते स्टेशन स्विस जमिनीवर आहे, पण बासेलमध्ये साधं सँडविच घेतानाही दोनदा विचार करावा लागतो. स्ट्रासबुर्ग मात्र सुरेख जमतं. ओफेनबुर्गला गाडी बदलून ‘केल’ हे सीमेवरचं जर्मन गाव गाठायचं आणि ऱ्हाईनवरच्या पादचारी पुलावरून चालत फ्रान्समध्ये शिरायचं. एका दिवसात होण्यासारखं आहे. तरी दोन दिवस असतील आणि खिसा हलका असेल, तर माझं मत लक्झेंबर्गलाच. तिथून व्हियांडेनचा किल्ला पाहायला एटेलब्रुकपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, दोन्ही फुकट. १८७१ मध्ये ब्रुसेल्समधून हाकलल्यावर व्हिक्टर ह्युगो काही काळ त्या गावात राहिला होता, त्याचं घर नदीवरच्या पुलाशी आहे.

येताना कॉफी घ्यायला विसरू नका. जर्मनीत भाजलेल्या कॉफीवर किलोमागे २.१९ युरो वेगळा कर आहे, लक्झेंबर्गमध्ये तो नाही, त्यामुळे सीमेवरच्या वासरबिलिगमध्ये जर्मन गाड्यांची रीघ लागलेली दिसते.

घ्यावा की नाही? वर्षातून एखाद्याच सहलीला जाणार असाल तर नको. ऱ्हाइनलांड-फाल्त्स या राज्याचं (ट्रियर त्यातच येतं) दिवसाचं गटाचं तिकीट पाच जणांपर्यंत चालतं, ते पुरेल. रोजच्या येण्याजाण्याला पास लागतच असेल तर मात्र ही भटकंती वर फुकट मिळते, आणि ती न करणं मला पैसे टाकून दिल्यासारखं वाटतं. पास आपोआप पुढच्या महिन्यात जातो, बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. डिसेंबरात आम्ही चौघंही भारतात जाणार आहोत, म्हणून १० नोव्हेंबरच्या आत बंद करणार आणि परत आल्यावर पुन्हा काढणार. त्याआधी ऑक्टोबरमध्ये द्राक्षमळे पिवळे झाले की लक्झेंबर्गमधल्याच एख्टरनाखच्या बाजूला म्युलरथालच्या खडकांतून चालायचा बेत आहे. कोल्हापूरकराने खोली शोधायला घेतली आहे.