ऑक्टोबर, बोट आणि कुत्रा: लँगोलन की मिदी?

लंडनच्या मैत्रिणीला ऑक्टोबरात कुत्र्यासकट बोट भाड्याने घ्यायचीय. वेल्सचा लँगोलन कालवा की दक्षिण फ्रान्सचा कॅनाल द्यू मिदी, हे ठरेना.

खर्च आणि खटाटोप: फ्रान्ससाठी मायक्रोचिप, रेबीजची लस, पशुवैद्याचं प्रमाणपत्र, शिवाय परतताना २४ ते १२० तास आधी टेपवर्मचं (पोटातल्या जंताचं) औषध. लंडनहून फ्रान्सला जाणाऱ्या युरोस्टार रेल्वेत कुत्रा नेता येत नाही, ते वेगळंच. वेल्सला गाडीत बसवलं की निघालात.

श्रम: लँगोलनवर लॉकचे (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या टाक्यांचे) दरवाजे स्वतः ढकलायचे. तेवढा वेळ कुत्रा कोण धरणार? मिदीवर बहुधा तिथले कर्मचारी मदतीला असतात.

धोका: लँगोलनवरचा १८०५चा पॉन्टकिसिल्टे जलसेतू (बोट ज्यावरून जाते तो कालव्याचा पूल) ३८ मीटर उंच आहे आणि बोटीच्या एका बाजूला कठडाच नाही. तिथे कुत्रा केबिनमध्ये, दार लावून. डेकवर बांधूनसुद्धा नको, उडी मारली तर पट्ट्याला लटकेल.

हवा: वेल्समध्ये पाऊस, चिखल आणि सात फुटांहून अरुंद बोटीत ओला कुत्रा; वासाचं काय सांगू! मिदी उबदार, पण हिवाळ्यात बंद असतो, तारखा बघून घ्या.

चिखलात रमणारा, दमदार कुत्रा आणि हाताशी दोन माणसं असतील तर लँगोलन. कुत्रा म्हातारा, थंडीला कुरकुरणारा असेल आणि कागदपत्रांना सवड असेल तर मिदी.