अर्धा आटा फिरवला आणि बिल फाडलं : जुन्या पोर्शे ९११ वाल्यांनो, सांभाळा

कॅलिफोर्नियात आपल्या मंडळींमध्ये जुन्या गाड्यांचा शौक वाढतोय आणि त्याच्या मागोमाग त्या शौकावर पोट भरणारेही वाढताहेत. म्हणून हा अनुभव सविस्तर सांगतो. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

गाडी १९७९ची पोर्शे ९११ एससी, तीन लिटरचं इंजिन. गरम असली की काही तक्रार नाही. रात्रभर गारठ्यात उभी राहिली की मात्र सकाळी रडारड. स्टार्टर फिरत राहायचा, इंजिन कसंबसं धरायचं आणि मान टाकायचं. एका सकाळी इनटेकमधून, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेतून, फाडकन बार उडाला, तेव्हा शेजारी दार उघडून बाहेर आले.

जुन्या पोर्शेचे स्पेशालिस्ट म्हणवणाऱ्या एका गॅरेजात गाडी नेली. मालक बोलायला मोठा गोड. झाकण उघडून मिनिटभर आत पाहिलं आणि निदान तयार : वॉर्म-अप रेग्युलेटर (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा) गेलाय, फ्युएल डिस्ट्रिब्युटरही (इंजेक्टरांना पेट्रोल वाटून देणारा) संपत आलाय, दोन्ही रिबिल्ट, म्हणजे जुने उघडून नव्याने जुळवलेले, टाकू. हे दोन्ही पार्ट महाग, दोन्ही बंद डब्यासारखे आणि आत काय झालंय ते गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. गंडवायला याहून सोयीची जागा त्या इंजिनात नाही.

गाडी परत मिळाली तेव्हा पहिल्या झटक्यात चालू झाली. बिल चार आकडी, त्यातही वरच्या टोकाचं. ते भरलं.

पुढे स्मॉग चाचणीत, म्हणजे धुराड्यातून निघणाऱ्या प्रदूषणाच्या सरकारी तपासणीत, गाडी सपशेल नापास. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या कितीतरी वर. प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. पेट्रोलचा वास घरात यायला लागला होता तो वेगळाच. ही म्हणाली, ‘अहो, दुरुस्त करून आणलीत की बिघडवून?’

मग एका निवृत्त मेकॅनिककडे गेलो. त्याने पाना उचलायच्या आधी एक साधी गोष्ट केली, ती प्रत्येक ९११ वाल्याला यायला हवी. इंजिन गरम करून आयडलवर (उभ्या उभ्या संथ चालू) ठेवलं आणि ऑइल टँकचं झाकण उघडलं. या इंजिनात ऑइल टँकची हवा इनटेकला जोडलेली असते. त्यामुळे झाकण काढलं की बाहेरची हवा आत घुसते, इंजिन अडखळतं, कधी बंदच पडतं. माझ्या गाडीला ढिम्म फरक पडला नाही. म्हणजे हवा आधीच दुसरीकडून आत येत होती. त्याने इनटेकमध्ये धूर सोडला. दोन इंजेक्टरांच्या बुडाशी निळसर धुराची बारीक रेघ वर यायला लागली. तिथल्या रबरी ओ-रिंग चाळीसेक वर्षांत वाळून कडक झाल्या होत्या. नखाने दाबली तर एकीचा तुकडाच पडला. अशा रिंगची किंमत विचाराल तर एका साध्या जेवणाइतकीही नाही.

याचं कारण समजून घेतलं की पुढची चलाखी कळते. या गाडीतलं के-जेट्रॉनिक इंजेक्शन आत जाणारी हवा एका तबकडीवर मोजतं आणि त्या मापाने पेट्रोल सोडतं. तबकडीच्या पुढे कुठून हवा शिरली तर तिची मोजदाद होत नाही, पेट्रोल कमी पडतं. थंड इंजिनाला तर जास्तच पेट्रोल लागतं, म्हणून सकाळी रडारड. असं कमी पेट्रोलाचं मिश्रण सावकाश जळतं, जळता जळता इनटेकचा व्हॉल्व्ह उघडला की भडका उलटा वर येतो आणि इनटेकमधला प्लास्टिकचा हवेचा डबा, म्हणजे एअरबॉक्स, तडकतो. माझा तडकला नव्हता हे नशीब. त्यावर दाब सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवून घेता येतो. नसेल तर या शनिवारी बसवा.

तर मग गॅरेजवाल्याने केलं काय? फ्युएल डिस्ट्रिब्युटरच्या शेजारी एक भोक असतं, त्यातून तीन मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी पाना) आत घालून मिश्रणाचा स्क्रू फिरवता येतो. थोडासाच फिरवला तरी पुष्कळ फरक पडतो. त्याने तो फिरवून पेट्रोल वाढवलं. गळती तशीच, पण गाडी चालू होणार आणि गिऱ्हाईक खूश. १९८० पासून अमेरिकेतल्या एससीला ऑक्सिजन सेन्सर आला, तो धुरातला ऑक्सिजन पाहून मिश्रण आपोआप सुधारतो. माझी त्याआधीची, त्यामुळे वाढलेलं पेट्रोल आवरणारं कोणीच नाही.

आणि तो ‘रिबिल्ट’ रेग्युलेटर? मेकॅनिकने टॉर्च धरून दाखवला. वरून चकचकीत चंदेरी स्प्रे. पण शेजारच्या रबरी नळीच्या कडेवरही त्याच चंदेरी रंगाचे शिंतोडे, आणि पाइपच्या नटांवर जुन्या तेल-धुळीची खपली अख्खी. त्या नटांना पाना लागलाच नव्हता. पार्ट जागेवरच ठेवून रंग मारला होता. डिस्ट्रिब्युटरचं तर तेवढंही नाही, नुसताच पुसला होता.

पुण्यात आमचा स्कूटरचा फिटर जुनी क्लच प्लेट पेपरात गुंडाळून हातात द्यायचा, न मागता. इथे ते मागावं लागतं, आणि कामाला होकार देतानाच मागावं लागतं. कॅलिफोर्नियात लेखी अंदाजपत्रक देणं गॅरेजला बंधनकारक आहे, खर्च त्याच्या वर जाणार असेल तर पुन्हा परवानगी घ्यावी लागते, आणि टाकलेला पार्ट नवा की जुना की रिबिल्ट हे बिलावर लिहावं लागतं. माझ्या बिलावर ‘रिबिल्ट’ असं स्पष्ट छापलंय. तोच आता त्याच्या गळ्यातला फास आहे.

रेग्युलेटर गेला असं कोणी म्हणालं तर प्रेशर गेजवरचे आकडे मागा, थंड आणि गरम दोन्ही. गेज लावल्याशिवाय हे निदान होतच नाही. आकडे सांगता येत नसतील तर किल्ली परत घ्या. चालू होण्याची तक्रार असेल तर गाडी आदल्या रात्रीच त्यांच्याकडे ठेवायला लावा आणि सकाळी स्वतः समोर उभे राहा. दुपारी गरम इंजिन फुर्रकन चालू करून दाखवलं त्याला काही अर्थ नाही. धुराची चाचणी सगळ्यात आधी करून घ्या, बाकीचं सगळं नंतर.

मी ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे, म्हणजे गॅरेजांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या खात्याकडे, फोटो आणि बिल जोडून तक्रार टाकली. फी लागत नाही. ब्युरो पैसे परत द्यायला सक्ती करू शकत नाही, मध्यस्थी करतं, पण गॅरेजचा परवाना त्यांच्याच हातात असल्याने फोन उचलला जातो. मालकाने आधी ‘पोराकडून गडबड झाली’ म्हणून सांगितलं, मग दोन्ही पार्टचे पैसे परत केले. मजुरी द्यायला तयार नाही. त्यासाठी स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या) कोर्टाचा अर्ज भरून ठेवलाय. मेकॅनिक त्या नटांबद्दल लेखी द्यायला तयार आहे.