जुने कंट्रोल नेले, नव्याला कुलूप लावले

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत माझे छोटे टूलरूम आहे. तेथील व्हर्टिकल मिलिंग मशीन 1994 सालचे असून त्यावर फॅनक कंपनीचे 0-एम कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) होते. बेड आणि कॉलम, म्हणजे मशीनचा सांगाडा, आजही खणखणीत आहेत. पण स्क्रीन अंधूक झाला होता, आणि एकदा बॅटरी उतरून सगळे पॅरामीटर (साठवलेल्या सेटिंग) उडाल्यामुळे आठ दिवस काम बंद पडले होते. नवे मशीन परवडणारे नव्हते, म्हणून नवे कंट्रोल, तिन्ही अक्षांना अचूक मापाने हलवणाऱ्या नव्या एसी सर्व्हो मोटरी व त्यांना वीज पुरवणारे ड्राइव्ह बसवून घ्यायचे ठरवले.

परगावच्या एका रेट्रोफिट (जुन्या मशीनला नवे कंट्रोल बसवण्याचे काम) करणाऱ्याने 6 लाख 80 हजारांचे कोटेशन दिले आणि 60 टक्के रक्कम आगाऊ घेतली. कोटेशनमध्ये 'इम्पोर्टेड सर्व्हो सेट' एवढेच लिहिले होते. मेक नाही, मॉडेल नाही, आणि मीही ते विचारले नाही. काम सुरू झाले त्याच दिवशी तो म्हणाला, "साहेब, जुना डबा ठेवून काय करणार? दहा हजार बिलातून वजा करतो." मी होकार दिला. तेच कंट्रोल असलेली मशीन अजून चालवणारे लोक चालू स्थितीतील सर्किट कार्ड शोधत असतात, ही गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

चाचणीच्या दिवशी त्याने टेबलाच्या मध्यावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण) लावले, एक्स अक्ष (टेबलाची डावी-उजवी हालचाल) 10 मिलिमीटर पुढे नेऊन मागे आणला, आणि काटा शून्यावर आला. मी उरलेले पैसे दिले. पंधरवड्यानंतर एका फिक्स्चरमध्ये (काम पकडून ठेवणाऱ्या साधनात) गोल पॉकेट, म्हणजे खोलगट खाच, मिल केले तेव्हा वर्तुळाच्या डाव्या-उजव्या टोकांना बारीक पायऱ्या दिसल्या. आमच्या जुन्या ऑपरेटरने पॅरामीटर उघडून पाहिले, तर एक्सला 80 मायक्रॉनची बॅकलॅश भरपाई, म्हणजे दिशा बदलताना पडणारी ढिलाई भरून काढणारी जादा हालचाल, घातलेली होती. टेबल सरकवणारा बॉलस्क्रू सर्वांत जास्त झिजतो तो मध्ये, कारण रोजचे काम तिथेच होते. तिथले माप घेऊन घातलेली भरपाई कमी झिजलेल्या टोकांकडे गेल्यावर उलट जास्त होते. कोटेशनमध्ये 'बॉलस्क्रूची बेअरिंग बदलणे' असे लिहून पैसे लावले होते. कव्हर काढल्यावर आत काळे, कडक झालेले जुने ग्रीस आणि जुनीच बेअरिंग निघाली.

तीन महिने होत आले असताना एका सकाळी स्क्रीनवर 'सर्व्हिस ड्यू' असा संदेश आला आणि काम सुरू करणारे सायकल स्टार्ट बटण चालेना. फोनवर रेट्रोफिट करणाऱ्याने वार्षिक देखभाल कराराचे 45 हजार मागितले, "पैसे जमा झाले की कोड पाठवतो." चिकलठाण्याच्या एका तंत्रज्ञाने पॅनेल उघडून सांगितले की, लॅडर प्रोग्रॅममध्ये (मशीनची बटणे आणि स्विच सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दिवस मोजणारा टायमर घातला असून प्रोग्रॅमला पासवर्ड लावला आहे. एका ड्राइव्हवरचे स्टिकर त्याने नखाने उचकटले, तेव्हा खाली जुन्या लेबलचा चिकट चौकोन आणि बरीच वर्षे मागची उत्पादनाची तारीख दिसली. पैशांचे दुःख बाजूला ठेवतो, पण लाल इमर्जन्सी बटणाची वायर फक्त कंट्रोलच्या इनपुटला जोडलेली होती. सर्व्होचा मुख्य पुरवठा तोडणारा कॉन्टॅक्टर पॅनेलमध्ये कुठेच नव्हता. कंट्रोल अडकले असते तर ते बटण दाबूनही टेबल थांबले नसते, आणि त्या मशीनवर माझा पुतण्या काम करतो.

ग्राहक आयोगाचा विचार केला, परंतु 2019 च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी वगळलेली आहे. स्वयंरोजगाराचा अपवाद माझ्यासारख्या पगारी माणसे ठेवणाऱ्याला लागू करून घेणे कठीण, असे वकिलांनी सांगितले. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात, वाद झाल्यास रेट्रोफिट करणाऱ्याच्याच शहरातील न्यायालय, अशी ओळ होती.

अखेर चिकलठाण्याच्या त्या तंत्रज्ञाकडून लॅडर नव्याने लिहून घेतला. त्याला बारा दिवस लागले, कारण पॅनेलच्या दाराच्या खिशातील मूळ इलेक्ट्रिकल ड्रॉइंगही जुन्या डब्याबरोबर गेले होते आणि प्रत्येक वायर मल्टिमीटरने शोधावी लागली. या वेळी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पासवर्ड नसलेल्या लॅडरची प्रत, पॅरामीटरचा बॅकअप आणि नवे ड्रॉइंग मी ताब्यात घेतले, व डायल गेज टेबलाच्या दोन्ही टोकांना स्वतः लावून पाहिले. बॉलस्क्रू मात्र अजून तोच आहे. त्याचे पैसे जमायला दिवाळी उजाडेल.