एन-ॲसिटिलसिस्टीन ६००: आठ महिने रोज घेतल्यावर

कफ सैल करणारी, पाण्यात विरघळवून घ्यायची ही गोळी, ६०० मिलिग्रॅमची, नळीत मिळते. आधी वासाचं सांगतो, कारण मला कुणी बजावलं नव्हतं. नळीचं झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा भपकारा येतो. माल खराब निघाला म्हणून पहिली नळी परत करायला मी दुकानात निघालोच होतो. मग कळलं, हा वास गंधकाचा आणि कामही गंधकाचंच. कफाला चिकटपणा देणारे बंध तोच तोडतो. शिवाय याच औषधापासून शरीर ग्लुटाथायोन बनवतं, जे सिगारेटच्या धुरातल्या फ्री रॅडिकल्सशी, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या कणांशी, झुंजताना खर्ची पडतं.

झाकणाचं मात्र खरंच जपा. एका रात्री ते अर्धवट लागलं आणि उरलेल्या सात गोळ्या ओल धरून फुगल्या. पाण्यात टाकली तर फेस नाही, नुसता चुरा तळाशी. त्या फेकताना जिवावर आलं. आणि रक्तदाब असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, विरघळणाऱ्या गोळीत सोडियम बरंच असतं.

तिसऱ्या आठवड्यापासून फरक पडला. सकाळी बेसिनपाशी अर्धा तास खाकरायचो, दोरीसारखा ओढावा लागणारा कफ निघायचा. तो सैल झाला, पाच मिनिटांत मोकळा व्हायला लागलो. तिसऱ्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हटलं असतं.

आज तसं म्हणणार नाही. खोकला कमी झाला तशा माझ्या दिवसाच्या सिगारेटी चारावरून सातावर गेल्या. गोळी चालू आहे ना, मग दोन जास्त ओढल्या तर काय, असं मनात पक्कं बसलं होतं. सहाव्या महिन्यात फुंकून बघायची चाचणी झाली आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आधीपेक्षा कमीच निघाली. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला, बोलले काही नाहीत.

मग शोधून वाचलं. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा आजार) ५२३ रुग्णांवर रोज ६०० मिलिग्रॅम देऊन तीन वर्षं लक्ष ठेवलं होतं. फुप्फुसांची घसरण थांबली नाही. चीनमधल्या २०१४ च्या चाचणीत हीच मात्रा दिवसातून दोनदा, वर्षभर दिली, तेव्हा आजार बळावण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणजे उपयोग आहे, पण मी समजत होतो तो नाही.

राग आला तो पुढच्या प्रकाराचा. दुकानदाराने 'सिगारेट ओढणाऱ्यांसाठी खास' म्हणून अँटिऑक्सिडंट कॅप्सूल पुढे केली. डब्यावर बीटा-कॅरोटीन, गाजराला रंग देणारं द्रव्य! फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली होती, निकाल १९९४ चा. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. हे माहीत नसताना कुणी ती कॅप्सूल घरी नेत असेल, या विचाराने अजून अस्वस्थ होतं. डबा आधी वाचा, कृपा करून.

माझी गोळी कफासाठी चालूच आहे. सिगारेट बंद करून आज ५४ दिवस झाले. पुढची चाचणी चार महिन्यांनी आहे, आकडा काय येईल तो कळवीन.