प्राथमिकच्या वर्गासाठी अ‍ॅप निवडताना: कहूट की प्लिकर्स, सीसॉ की क्लासडोजो, स्क्रॅच की सराव?

वर्गासाठी अ‍ॅप निवडायला बसलं की बहुतेक शिक्षक आधी सुविधा बघतात. खेळ किती, फुकटात काय मिळतं, पालकांना मेसेज जातो का. माझं म्हणणं असं की त्याआधी एक प्रश्न विचारावा: हे साधन वापरून झाल्यावर, मुलाने तसं उत्तर का दिलं हे मला कळणार आहे का? सहा ते दहा वर्षांच्या मुलाला 'माझं इथे अडलंय' असं नेमकं सांगता येत नाही. ते गप्प बसतं, नाहीतर शेजारच्या वहीत डोकावतं. जे साधन ही अडलेली जागा शिक्षकासमोर आणतं, ते घेण्यासारखं. नुसतं चूक-बरोबर सांगणारं साधन लाल पेनाचंच काम करतं, फक्त जरा जास्त आवाज करून.

खालची सगळी तुलना याच कसोटीवर केली आहे. तुमची कसोटी वेगळी असेल, उदाहरणार्थ पालकांशी संपर्क, तर निकालही वेगळा लागेल.

उपकरण कोणाच्या हातात

निम्मा निर्णय इथेच होतो. फक्त शिक्षकाकडे फोन असेल तर प्लिकर्स (छापील कार्डांवर चालणारी प्रश्नमंजुषा), वह्यांचे फोटो आणि आवाजाचं रेकॉर्डिंग एवढं आरामात जमतं. प्रोजेक्टर असेल तर प्रश्न आणि चित्रं सगळ्यांना एकदम दाखवता येतात. चार-सहा टॅब असतील तर गट करून आळीपाळीने काम देता येतं. प्रत्येकाला टॅब मिळणं ही सगळ्यात उत्तम परिस्थिती मानली जाते. पहिली-दुसरीत मला ते पटत नाही. त्या वयात पासवर्ड टाकणं हीच एक तासिका होते, आणि प्रत्येक जण आपापल्या पडद्यात गेला की वर्गातलं बोलणं थांबतं. दोघांत एक टॅब दिला की 'तू आता हे दाब', 'थांब, आधी मोज' असं मुलांना बोलावंच लागतं. आणि ते बोलणं ऐकता ऐकता शिक्षकाला पुष्कळ काही समजतं.

प्रश्नमंजुषा: कहूट, क्विझिझ आणि प्लिकर्स

तिन्ही बहुपर्यायी प्रश्नांची साधनं, पण वर्गात तिन्हींचं वागणं अगदी निरनिराळं आहे.

कहूट २०१३ मध्ये नॉर्वेत सुरू झालं. पडद्यावर प्रश्न, मुलांच्या हातातल्या उपकरणावर रंगीत आकार, मागे संगीत, आणि उत्तर जितकं लवकर तितके गुण जास्त. वर्ग उसळून उठतो, यात शंका नाही. क्विझिझने २०२५ मध्ये नाव बदलून वेग्राउंड केलं. तिथे प्रश्न मुलाच्या स्वतःच्या पडद्यावर येतो, मूल आपल्या वेगाने पुढे जातं आणि घड्याळ बंदही ठेवता येतं. प्लिकर्समध्ये मुलांच्या हातात उपकरणच नसतं. प्रत्येकाकडे छापलेलं एक कार्ड, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा आकार आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. हवं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं, शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो, आणि कोणी काय निवडलं ते नावासह फोनवर दिसतं. प्रत्येक कार्डावरचा आकार वेगळा असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून तसंच धरण्यात काही अर्थ उरत नाही. नेहमीचा संच ४० कार्डांचा, मोठा ६३ चा.

आता एक प्रश्न घेऊ: ५२ − ३८.

उत्तर १४. चुकीचे पर्याय म्हणून ११, १५, १९ असे मनाला येतील ते आकडे टाकले, तर कोणतंही अ‍ॅप वापरा, हाती काही लागणार नाही. त्याऐवजी २६, २४ आणि ९० ठेवा. २६ निवडणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय: ८ मधून २, ५ मधून ३. त्याला वजाबाकीचा क्रमच कळलेला नाही. २४ निवडणाऱ्याने दशक सुटा केला, १२ मधून ८ काढले, पण दशकाच्या घरातले ५ तसेच ठेवले. त्याला रीत कळली आहे, एक पायरी निसटते आहे. ९० वाल्याने चिन्हाकडेच पाहिलं नाही. तीन चुका आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे घेऊन पुन्हा बसवायचं, दुसऱ्याला पायऱ्या मोठ्याने म्हणायला लावायच्या, तिसऱ्याला फक्त थांबून वाचायची सवय लावायची.

इथे प्लिकर्स सरळ पुढे निघतं. मूल शांतपणे पाटीवर किंवा वहीत गणित करतं आणि मग कार्ड धरतं. वर्गात २६ ची गर्दी झाली की त्याच मिनिटाला फळ्याकडे वळता येतं. हाच प्रश्न कहूटवर २० सेकंदांत विचारला तर २४ हे उत्तर गैरसमजातून आलं की घाईतून, हे सांगता येत नाही. कहूटमध्ये वेळ चार मिनिटांपर्यंत वाढवता येते आणि प्रश्नाला गुण न ठेवण्याचीही सोय आहे. पण ते सगळं बंद केल्यावर कहूट घेण्याचं कारण काय उरतं? वेग हाच त्याचा प्राण आहे.

म्हणून कहूट तिथे घ्यावं जिथे वेग हाच उद्देश आहे. पाढे, विरुद्धार्थी शब्द, आधी पक्कं झालेल्या धड्याची उजळणी. आठवून सांगण्याने शिकलेलं टिकतं, याला चांगला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्याने जास्त लक्षात राहिला होता. तो प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता, पण उजळणीच्या चाचणीची बाजू त्याने नक्कीच भक्कम होते. नवीन संकल्पना शिकवताना मात्र कहूट लावू नये. तेच ते चार-पाच चेहरे वर झळकतात, आणि हळू पण नीट विचार करणारं मूल 'आपल्याला येत नाही' असं मनाशी ठरवून टाकतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण पुढे त्या मुलाला पुन्हा हात वर करायला लावणं कठीण जातं.

क्विझिझ या दोहोंच्या मध्ये बसतं. तिसरी-चौथीत, मुलं सराईतपणे वाचू लागली असतील आणि पुरेशी उपकरणं असतील, तर घड्याळ बंद करून गृहपाठासाठी ते चांगलं. पहिली-दुसरीला प्रश्न वाचण्यातच मूल अडकतं, मग गणित तपासलं गेलं की वाचन, हे कळेनासं होतं.

प्लिकर्सबद्दल कामाची एक गोष्ट: कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका. उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला आकार ओळखता येत नाही. मॅट चालतं, किंवा जाड कागदावर छापून तसंच ठेवा. कार्ड धरताना मुलांची बोटं आकारावर येणार नाहीत एवढं एकदा शिकवावं लागतं.

मुलांचं काम साठवणं: सीसॉ आणि क्लासडोजो

दोन्हींत मुलांच्या कामाचे फोटो ठेवता येतात आणि दोन्ही पालकांपर्यंत पोचतात. फरक आहे तो जोर कशावर दिलाय यात. सीसॉचा गाभा मुलाचं काम. मूल वहीचा फोटो काढतं, त्यावर बोटाने खुणा करतं आणि आपल्या आवाजात समजावून सांगतं. क्लासडोजोची ओळख गुणांवर उभी आहे: मदत केली, गुण मिळाला, गडबड केली, गुण गेला.

अपूर्णांकांच्या धड्यात सीसॉचा फायदा लख्ख दिसतो. मुलाने १/४ हा १/३ पेक्षा मोठा लिहिला, तर वहीत फक्त चूक दिसते. रेकॉर्डिंगमध्ये ते म्हणतं, 'कारण चार मोठे आहेत ना तीनपेक्षा'. झालं, अडलेली जागा सापडली: पूर्ण संख्यांचा नियम ते अपूर्णांकाला लावतंय. वाचनातही तसंच. एकाच उताऱ्याचं महिन्याच्या सुरुवातीचं आणि शेवटचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवलं की जोडाक्षरावर मूल अजून थबकतंय की शब्द सलग घेतंय ते ऐकू येतं, पालकांनाही आणि त्या मुलालाही. वर्गात तोंड न उघडणारी काही मुलं टॅबशी मोकळेपणाने बोलतात, हा आणखी एक लाभ.

किंमत मोजावी लागते ती शिक्षकाच्या वेळेची. तीस मुलांचं मिनिटभराचं रेकॉर्डिंग म्हणजे अर्धा तास ऐकणं. रोज एका गटाचंच घ्यायचं, बाकीच्यांचं नाही, असं ठरवलं तरच ते निभतं.

क्लासडोजोचे निरोप सोयीचे आहेत, विशेषतः पालक वेगळी भाषा बोलणारे असतील तर भाषांतराची मदत होते. गुणांबाबत मात्र मी सावध आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढल्याबद्दल बक्षीस मिळेल असं आधी सांगितलेली मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. आधी कबूल केलेल्या बक्षिसाने मूळची आवड पातळ होऊ शकते. क्लासडोजो घेतलंच तर गुण एकेकट्या मुलाचे दाखवू नका. सगळ्या वर्गाचे मिळून ठेवा, आणि गुण वजा करणं पूर्ण टाळा. निवड एकाचीच करायची असेल तर मी सीसॉ म्हणेन, तेही त्यातल्या आवाजाच्या सोयीसाठी. ते परवडत नसेल तर फोनचं साधं रेकॉर्डर आणि मुलागणिक एक फोल्डर यावरही हे काम होतं.

घडवणारी अ‍ॅप आणि सराव करून घेणारी अ‍ॅप

स्क्रॅचज्युनियर २०१४ मध्ये आलं, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी. पडद्यावरच्या पात्राने काय करायचं ते त्यात सूचनांचे ठोकळे जोडून सांगायचं असतं. त्या ठोकळ्यांवर शब्द नाहीत, चित्रं आहेत, त्यामुळे वाचता न येणारं मूलही ते वापरतं. खातं उघडावं लागत नाही, आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. मोठं स्क्रॅच २००७ चं, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातलं, आठ वर्षांपासून पुढच्यांसाठी. त्याला वाचन लागतं, माउसवर हात बसलेला लागतो. चौथीच्या आधी त्याची घाई करू नये.

स्क्रॅचज्युनियरच्या पडद्यावर २० बाय १५ चौकटींची जाळी दाखवता येते. मांजर डाव्या कोपऱ्यात, झाड उजवीकडे. मांजराला झाडापर्यंत न्यायला किती घरं? मूल ७ टाकतं, मांजर अलीकडेच थांबतं. मग ११ टाकतं, मांजर पुढे निघून जातं. चूक कोणी सांगावी लागत नाही, ती समोर उभी असते, आणि दुसऱ्या प्रयत्नात मूल अंदाज सोडून घरं मोजू लागतं. हा क्षण पाहण्यासाठी शिक्षक शेजारी हवा.

सराव करून घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये खान अकॅडमी किड्स हे दोन ते आठ वयासाठी आहे, मोफत आणि जाहिरातींविना. मांडणी सुबक, पण सूचना मुलाला न कळणाऱ्या भाषेत असतील तर ते रंग बघून टिचक्या मारत बसतं आणि आपल्याला वाटतं सराव चाललाय. कोणतंही सराव-अ‍ॅप घेण्याआधी शेजारी बसून एका मुलाला ते वापरताना बघा. उत्तर चुकल्यावर मूल थांबतं का, की दुसरा पर्याय दाबून पुढे जातं? दुसरं होत असेल तर ते अ‍ॅप सोडून द्या.

अक्षरओळख करून देणाऱ्या अ‍ॅपना माझी पसंती कमीच. जेम्स आणि एंगेलहार्ट यांच्या २०१२ च्या अभ्यासात, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी अक्षरं हाताने काढली तेव्हा, ती अक्षरं नंतर बघताना मेंदूतले वाचनाशी संबंधित भाग जागे झाले. टाइप केलेल्या किंवा नुसत्या गिरवलेल्या अक्षरांनी तसं झालं नाही. अभ्यास लहान होता, पण पेन्सिल बाजूला ठेवून बोटाने गिरवायला लावण्याआधी विचार करायला तो पुरेसा आहे.

तर कोणी काय घ्यावं

हातात एकच फोन असेल तर प्लिकर्सने सुरुवात करा, वर्षभर दुसरं काही नाही घेतलं तरी चालेल. चार-सहा टॅब असतील तर स्क्रॅचज्युनियर जोड्यांनी आणि सीसॉ गटागटाने. भरपूर उपकरणं आणि मोठा वर्ग असेल तर क्विझिझ घड्याळाविना, कहूट फक्त सत्राच्या शेवटच्या उजळणीला. एका वर्षात दोनांहून जास्त नवी साधनं आणू नका. मुलांना आणि पालकांना सवय व्हायलाही वेळ लागतो.

तुमचे प्रश्न आणि त्यांचे नेमके पर्याय अ‍ॅपमध्ये अडकवून न ठेवता स्वतःच्या फाइलमध्येही ठेवा. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने नोंदवलंय की शैक्षणिक तंत्रज्ञानाची उत्पादनं सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. म्हणजे पहिलीत आलेलं मूल चौथीत जाईपर्यंत अ‍ॅपचं नाव, किंमत किंवा मोफत मर्यादा बदललेली असू शकते. तो ५२ − ३८ चा प्रश्न मात्र तेव्हाही तुमच्या कामाला येईल.

मुलांच्या माहितीचा मुद्दा सगळ्यांनाच लागू आहे. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२२ मध्ये १६० हून अधिक शैक्षणिक उत्पादनं तपासली. त्यातली सुमारे ८९ टक्के मुलांच्या हक्कांना धोका पोचेल अशा रीतीने माहिती हाताळत होती. प्लिकर्समध्ये पूर्ण नाव टाकायची गरज नाही, हजेरीचा क्रमांक पुरतो. सीसॉसारख्या ठिकाणी मुलाचा आवाज आणि चेहरा जातो, म्हणून पालकांची लेखी संमती आधी घ्यावी आणि नकार देणाऱ्या पालकाच्या मुलासाठी वहीतला पर्याय तयार ठेवावा. वर्ष संपलं की पालकांना रेकॉर्डिंग उतरवून घ्यायला आठवडाभर द्या, आणि त्यानंतर तो वर्ग अ‍ॅपमधून कायमचा काढून टाका.