एका फोनवरची शाळा: जून २०२० ते ऑक्टोबर २०२१ च्या वापराचा अनुभव

कोरोनामुळे शाळा बंद होत्या आणि शिकणं फोनवर आलं. वापर कशाचा झाला, ते आधी. महाराष्ट्र बोर्डाच्या मराठी माध्यमाच्या शाळा, मुख्यतः पाचवी ते दहावी. घरात एकच अँड्रॉइड फोन, तोही बहुतेक वडिलांचा. २ जीबी रॅम, १६ जीबी स्टोरेज आणि रोजचा दीड जीबी डेटा. लॅपटॉप आणि वायफाय असलेल्या घरांचा अनुभव यात धरलेला नाही, कारण ती घरं मुळात थोडी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) देशात संगणक असलेली घरं जेमतेम १०.७ टक्के निघाली होती. फोन मात्र झपाट्याने वाढले: ग्रामीण शिक्षणाच्या ‘असर’ या पाहणीत २०२० मध्ये ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांच्या ६१.८ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०१८ मध्ये हा आकडा ३६.५ होता. पण घरात फोन असणं वेगळं आणि सकाळी दहा वाजता तो मुलाच्या हातात असणं वेगळं.

गुण द्यायचेच तर असे. झूम किंवा गूगल मीटवरचा थेट तास: पाचपैकी दीड. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला शिक्षकांचा रेकॉर्ड केलेला आवाज आणि वहीचे फोटो: साडेतीन. सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मालिका: तीन. धड्यांच्या व्हिडिओंचं सरकारी दीक्षा अ‍ॅप: अडीच. बालभारतीचं छापील पुस्तक: पाच. सगळ्यात जास्त कौतुक थेट तासाचं झालं, कारण तो दिसायला शाळेसारखा होता. वेळापत्रक, हजेरी, समोर बाई, सगळं जागच्या जागी. मुलांच्या पदरात मात्र त्यातूनच सगळ्यात कमी पडलं आणि त्याची कारणं बरीचशी तांत्रिक आहेत.

डेटाचा हिशोब

१४ जुलै २०२० च्या केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली ते आठवीला रोज ३० ते ४५ मिनिटांचे जास्तीत जास्त दोन तास आणि नववी ते बारावीला चार. दहावीच्या मुलाचं गणित मांडू. झूमच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे चांगल्या दर्जाच्या व्हिडिओला येण्या-जाण्याचे प्रत्येकी ६०० केबीपीएस (सेकंदाला ६०० किलोबिट) लागतात, म्हणजे दोन्ही मिळून ताशी ५४० एमबी. ४५ मिनिटांचे चार तास म्हणजे तीन घड्याळी तास, १६२० एमबी. दीड जीबीचा पॅक चौथा तास संपायच्या आधीच संपतो. मग बहुतेक कंपन्यांचा वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि नुसत्या आवाजालाच ६० ते ८० केबीपीएस हवे असतात. बाईंचा आवाज तुटक येतो, मूल ‘नेट गेलं’ म्हणतं. नेट गेलेलं नसतं, संपलेलं असतं. ते रात्री बारानंतरच परत मिळतं, तोवर संध्याकाळचा गृहपाठाचा फोटोही जात नाही.

हेच काम आवाज आणि स्क्रीन शेअर यांवर केलं तर आवाजाचे ८० आणि स्क्रीनचे ७५, असे फार तर १५५ केबीपीएस. ताशी सुमारे ७० एमबी, तीन तासांना २१०. फरक आठपटीचा. म्हणून मुलांचे कॅमेरे बंद ठेवणं हा बेशिस्तपणा नव्हता, पॅक वाचवायचा तो एकमेव उपाय होता. ‘कॅमेरा बंद तर हजेरी नाही’ हा नियम ज्या शाळांनी केला, त्यांनी गरीब घरातल्या मुलांना दुपारच्या आत वर्गाबाहेर काढलं असंच म्हणावं लागेल.

याला जोडून एक गोष्ट शिक्षकांच्या बाजूची. फळ्यासमोर फोन लावून शिकवलं की खडूची रेघ पाच इंची पडद्यावर वाचता येत नाही आणि डेटाही व्हिडिओचाच जातो. हँगरला सुतळीने फोन टांगून, खाली कोऱ्या कागदावर जाड स्केचपेनने लिहिलेलं त्यापेक्षा बरं दिसायचं. पण त्यातही पानावर सहा-सात ओळींच्या वर गेलं की गेलं. पुस्तकाचं पान स्क्रीन शेअर करणं सगळ्यात स्वस्त आणि स्वच्छ, फक्त पान आडवं मोठं करून एकेक परिच्छेद दाखवायला हवा. पूर्ण पीडीएफ पान दाखवून ‘दिसतंय ना?’ विचारलं की मुलं ‘हो’ म्हणतात. दिसत नसतं.

तास मध्येच का तुटतो

तीन कारणं नेहमीची. पहिलं, फोन येतो. वडिलांचा फोन असल्यामुळे मालकाचा, गिऱ्हाईकाचा, बँकेचा कॉल येणारच. कॉल घेतला की मीटचा आवाज थांबतो. दोन सिमच्या साध्या फोनमध्ये डेटा एका सिमवर आणि कॉल दुसऱ्यावर आला तर नेटही तेवढा वेळ बंद पडतं. उपाय सोपा: कॉलचं सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घालायचं, डेटाचं सिम स्मार्टफोनमध्ये ठेवायचं. व्हॉट्सअ‍ॅप एकदा सुरू झालेलं असलं की त्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये असण्याची तेव्हा गरज नसायची. खोच एवढीच की जिओचं सिम जुन्या टू-जी फोनमध्ये चालत नाही, त्याला फोर-जी हँडसेट लागतो. एअरटेल किंवा व्हीआयचं चालतं.

दुसरं कारण रॅम. मीट चालू असताना पुस्तकाची पीडीएफ उघडली की २ जीबीचा फोन मागचं अ‍ॅप बंद करून टाकतो. मूल बाहेर फेकलं जातं, परत येताना प्रतीक्षाकक्षात अडकतं आणि शिकवणाऱ्या बाईंना ती सूचना दिसतच नाही, कारण त्यांचाही फोन स्क्रीन शेअरमध्ये गुंतलेला असतो. छापील पुस्तकाला पाच गुण दिले ते यासाठी. समग्र शिक्षातून मिळणारी आठवीपर्यंतची मोफत पुस्तकं ज्या मुलांच्या हातात वेळेवर पडली, त्यांना पडद्यावर एकच खिडकी पुरली.

तिसरं, झूमची फुकट खात्यावरची ४० मिनिटांची मर्यादा. त्यातली पहिली काही मिनिटं ‘आवाज येतोय का’ यात आणि हजेरीत जातात. हजेरीचीही गंमतच. पडद्यावर मुलाचं नाव नसतं, फोनच्या मॉडेलचं किंवा वडिलांचं असतं. कोण बोलतंय हे बाईंना कळत नाही आणि मुलाला दिवसभर वडिलांच्या नावाने हाक ऐकावी लागते. खात्यातलं नाव बदलायला एक मिनिट पुरतं. जिथे पहिल्या आठवड्यात हे करून घेतलं तिथे मुलं जास्त बोलली, असं स्पष्ट दिसलं. नाव ‘इयत्ता, हजेरी क्रमांक, नाव’ या क्रमाने ठेवलं की यादीही सरळ लागते.

रेंजचा प्रश्न वेगळा, त्याला सेटिंग नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनारपट्टीचे विजेचे खांब आणि मोबाइलचे टॉवर झोपवले, आणि १५ जूनला शैक्षणिक वर्ष सुरू झालं. श्रीवर्धन, दापोली भागातल्या कित्येक गावांत तेव्हा फोन चार्ज करायलाही वीज नव्हती. कोकणात एरवीही रेंज सड्यावर किंवा घाटीच्या वळणावर मिळायची. पावसाळ्यात तिथे छत्रीखाली बसून थेट तास होत नाही. तिथे उभं राहून रेकॉर्डिंग उतरवून घेता येतं आणि घरी येऊन ऐकता येतं.

व्हॉट्सअ‍ॅप: चाललं, पण नीट लावलं तर

दहा मिनिटांचं आवाजाचं रेकॉर्डिंग अडीच-तीन एमबीच्या आत बसतं, तीनदा ऐकता येतं, वडील संध्याकाळी घरी आल्यावरही ऐकता येतं. अडचण गटाची. एका वर्गात ४५ मुलं, प्रत्येकाने गृहपाठाची तीन पानं गटावर टाकली तर १३५ फोटो. दीडशे केबीचा एक धरला तरी एका विषयाचे २० एमबी. सहा विषयांचे दिवसाला १२०, महिन्याच्या २५ दिवसांत ३ जीबी. १६ जीबीच्या फोनमध्ये निम्मी जागा आधीच सिस्टिमने खाल्लेली असते, म्हणजे दिवाळीपर्यंत फोन भरतो आणि मग परीक्षेच्या दिवशी कॅमेरा ‘जागा नाही’ म्हणतो. गटात संदेश फक्त अ‍ॅडमिनला पाठवता येतील असं ठेवायचं, गृहपाठ ज्याने त्याने बाईंच्या नंबरवर पाठवायचा आणि सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करायचं.

वहीचा फोटो काढण्यात मुलं लवकर तरबेज झाली, तरी तपासणाऱ्याला दिसेल असा फोटो पहिल्या दोन महिन्यांत क्वचितच आला. खिडकीकडे पाठ करून बसलं की स्वतःचीच सावली पानावर पडते. खिडकी डाव्या हाताला हवी. पेन्सिलीचं लिखाण पुसट येतं, निळं किंवा काळं बॉलपेन बरं. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, म्हणून भूमितीच्या आकृत्या ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवाव्यात. पानं जोडून पीडीएफ करायला सगळे कॅमस्कॅनर वापरत होते. २९ जून २०२० ला ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी आली त्यात तेही होतं. वर्ष सुरू होऊन दोन आठवडे झालेले, आणि सगळ्यांना पुन्हा अडोबी स्कॅन किंवा मायक्रोसॉफ्टचं लेन्स शिकावं लागलं.

दीक्षा आणि टीव्ही

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षात स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात. कल्पना चांगली. व्हिडिओ मात्र एकसारखे नाहीत. विज्ञानातले प्रयोग पाहण्याजोगे, भाषेचे बरेचसे नुसतं वाचून दाखवल्यासारखे. जिथे वायफाय मिळेल तिथे आठवड्याचे धडे अ‍ॅपमध्येच उतरवून ठेवायचे, मग नेट लागत नाही. शिक्षक रोज लिंक पाठवायचे, पण लिंक उघडली का, पाहिलं का, समजलं का, हे विचारायला कुणी नसलं की आठवड्याभरात लिंका नुसत्या साठायच्या.

‘टिलीमिली’ २० जुलै २०२० ला एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने सह्याद्री वाहिनीवर सुरू केली, पहिली ते आठवीसाठी. डेटा शून्य. घरातल्या आणि अंगणातल्या वस्तू घेऊन कृती करायला लावायची, त्यामुळे मूल पडद्यापुढून उठायचं, ही तिची खरी जमेची बाजू. भारनियमनात भाग चुकला की शंका विचारणं तर दूर, तो दिवसच गेला. पालघरच्या काही पाड्यांवर भोंग्यावरून धडे ऐकवले गेले, तेही याच जातीचे: रेंज नको, फोन नको, पण उलट प्रश्न नाही.

परीक्षा

इथे निखळ शून्य. गूगल फॉर्मवर गाळलेल्या जागा भरायला दिल्या की मराठी उत्तरं हमखास चुकीची धरली जातात. यंत्र अक्षरशः जुळवून पाहतं. उत्तरसूचीत ‘किमी’ आणि मुलाने ‘कि. मी.’ लिहिलं, किंवा सूचीत इंग्रजी आकडा आणि मुलाने देवनागरी १२ लिहिलं, की गुण गेला. शेवटी एखादी रिकामी जागा राहिली तरी तेच. पर्यायी प्रश्नच ठेवावेत आणि पर्यायांचा क्रम बदलता ठेवावा. तरी पहिल्याने फॉर्म भरला की दहा मिनिटांत उत्तरं मित्रांच्या गटावर येतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

बोर्डानेही या वर्षाच्या परीक्षेवर फारसा भरवसा ठेवला नाही. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाल्यावर १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावरून दिले, ३० दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे, २० तोंडी-प्रात्यक्षिकाचे. त्या नववीच्याही दुसऱ्या सत्राची परीक्षा टाळेबंदीत रद्द झालेली होती, म्हणजे निम्मा निकाल मुख्यतः महामारीआधीच्या एका सत्रावर उभा राहिला. निकाल ९९.९५ टक्के लागला.

काय बुडालं ते ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून वर्ग पुन्हा भरल्यावर कळलं. सर्वात आधी जाणवला तो लिहिण्याचा वेग. ८० गुणांचा भाषेचा पेपर तीन तास सलग लिहायचा असतो. पर्यायावर टिचकी मारून दीड वर्ष काढलेल्या मुलांचा हात पाऊण तासात भरून येत होता. गणितात ‘समजलं’ म्हणणारी मुलं उदाहरण मांडताना दुसऱ्या पायरीला अडत होती, कारण पडद्यावर उदाहरण सुटताना पाहिलं होतं, सोडवलं नव्हतं. रोज एक पान घड्याळ लावून लिहिणं आणि पाच उदाहरणं सगळ्या पायऱ्यांसह वहीत मांडणं याने सुधारणा दिसली. त्याला नेट लागत नव्हतं आणि हे फोनच्या काळातही करून घेता आलं असतं.

फोनवरची शाळा कुणासाठी, तर आठवीच्या वरच्या, स्वतः वाचता येणाऱ्या मुलांसाठी. दिवसाला एकच थेट तास, तोही फक्त शंकांचा, सात-आठ जणांच्या गटाने, आणि बाकी सगळं रेकॉर्डिंग व पुस्तकावर. पाचवी ते सातवीला थेट तासापेक्षा आठवड्यातून दोनदा शिक्षकाचा पाच मिनिटांचा साधा फोन कॉल जास्त कामाला आला. त्याला स्मार्टफोनही लागत नाही, आणि आज काय वाचलंस असं विचारलं की मूल खरं सांगतं. पहिली-दुसरीला यातलं काही देऊ नये. अक्षराचं वळण पडद्यावरून बसत नाही. ‘ळ’ आणि ‘क्ष’ गिरवताना हात धरायला शेजारी माणूस लागतं, मग ती आई असो, ताई असो, नाहीतर गल्लीच्या ओट्यावर मुलं गोळा करून बसलेले एखादे गुरुजी.